प्रकाशाचा शोध घेणारे इब्न अल-हैथम



नववी-दहावीच्या विज्ञानात प्रकाशाचे परावर्तन, अपवर्तन, आरसे आणि भिंगे हे विषय आपण सर्वांनीच अभ्यासले आहेत. त्या अभ्यासात स्नेल, न्यूटन अशी नावे भेटतात. ती नावे थोर आहेत यात शंका नाही. परंतु ज्ञानाची इमारत एका दिवसात उभी राहत नाही आणि ती एकट्या देशाने कधीच उभी केलेली नाही. ग्रीकांनी घातलेला पाया आणि सतराव्या शतकातील युरोपने चढवलेला मजला यांच्यामध्ये दीड हजार वर्षांचे अंतर आहे. या मधल्या काळात बगदाद, बसरा, कैरो, तब्रीझ यांसारख्या शहरांत पुष्कळ काम झाले. प्रकाशाच्या बाबतीत त्या कामातील सर्वांत मोठे नाव म्हणजे अबू अली अल-हसन इब्न अल-हसन इब्न अल-हैथम. उर्दू पुस्तकांत त्यांचा उल्लेख इब्नुल हैसम असा येतो. युरोपातील विद्वानांनी त्यांच्या अल-हसन या नावावरून त्यांना अल्हाझेन म्हटले.

मी इतिहासाचा शिक्षक आहे. भौतिकशास्त्रातील गणिते माझे विज्ञानाचे सहकारी अधिक चांगली समजावून देतील. इतिहासाच्या दृष्टीने मला या चरित्रात एक गोष्ट विशेष मोलाची वाटते. या माणसाने पूर्वीच्या थोर लोकांचे ग्रंथ आदराने वाचले, स्वतःच्या हाताने उतरवून काढले, आणि तरीही तपासून पाहिल्याशिवाय त्यांतले विधान खरे मानले नाही. आपल्या समाजातील मुलामुलींना आज याच सवयीची गरज आहे, म्हणून या चरित्राचा परिचय करून देत आहे.

बसऱ्याचे दिवस

इब्न अल-हैथम यांचा जन्म इ. स. ९६५ च्या सुमारास, म्हणजे हिजरी ३५४ च्या आसपास, इराकमधील बसरा शहरी झाला. बसरा हे मोठे बंदर होते. हिंदुस्थानकडून येणारी गलबते तेथे लागत. मालाबरोबर माणसे येत आणि माणसांबरोबर विद्याही येई. व्याकरण आणि भाषा यांच्या अभ्यासासाठी हे शहर प्रसिद्ध होते.

त्यांच्या जन्माच्या आधी सुमारे दीडशे वर्षे बगदादमध्ये एक मोठे कार्य सुरू झाले होते. खलिफा अल-मामून (कारकीर्द ८१३ ते ८३३) आणि त्याच्या आगेमागे होऊन गेलेले खलिफे, वजीर व श्रीमंत घराणी यांनी परभाषेतील ग्रंथ अरबीत आणण्यासाठी सढळ हाताने खर्च केला. हुनैन इब्न इसहाक यांच्यासारख्या ख्रिस्ती विद्वानांनी गॅलेनचे वैद्यक अरबीत आणले. युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचे खगोलशास्त्र अरबीत आले. हिंदुस्थानातील अंक आणि दशमान पद्धतही याच काळात बगदादला पोहोचली आणि अल-ख्वारिज्मी यांनी त्यावर पुस्तक लिहिले. थोडक्यात, निरनिराळ्या धर्मांच्या आणि देशांच्या माणसांनी मिळून एक मोठी पेढी उभी केली होती. तिच्यातील भांडवल सोन्याचे नव्हते, पुस्तकांचे होते. इब्न अल-हैथम यांना हे भांडवल आयते मिळाले. पण त्यांनी ते तिजोरीत कुलूप लावून ठेवले नाही, व्यवहारात आणले आणि वाढवले.

नाईल नदीची मोहीम

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत प्रसिद्ध हकिकत इब्न अल-किफ्ती या चरित्रकाराने लिहून ठेवली आहे. हा लेखक १२४८ मध्ये मरण पावला, म्हणजे तो दोनशे वर्षांनंतरचा. तेव्हा या हकिकतीतील बारीकसारीक तपशील थोडे जपूनच घ्यावेत. हकिकत अशी आहे.

इजिप्तचे सारे जीवन नाईल नदीच्या पुरावर अवलंबून होते. पूर कमी आला तर दुष्काळ, जास्त आला तर गावे पाण्याखाली. आपण इजिप्तमध्ये असतो तर नाईलच्या पाण्याचा बंदोबस्त करून दाखवला असता, असे इब्न अल-हैथम बोलून गेले होते. ही गोष्ट कैरोच्या फातिमी खलिफा अल-हाकिम याच्या कानी गेली. अल-हाकिमने ९९६ ते १०२१ पर्यंत राज्य केले. त्याने १००५ मध्ये कैरोत दार अल-इल्म नावाचे विद्यागृह काढले, तेथे पुस्तके ठेवली आणि विद्वानांना आश्रय दिला. त्याच वेळी तो अत्यंत लहरी होता. त्याच्या मर्जीतून उतरलेल्या अनेक अधिकाऱ्यांना प्राण गमवावे लागले होते. त्याने इब्न अल-हैथम यांना मानाने बोलावून घेतले, शहराबाहेर येऊन त्यांचे स्वागत केले आणि माणसे देऊन त्यांना दक्षिणेकडे रवाना केले.

नदीच्या काठाने प्रवास करताना इब्न अल-हैथम यांना प्राचीन मिसरी लोकांची प्रचंड बांधकामे दिसू लागली. इतक्या अचूक मापाची आणि इतक्या कुशलतेची कामे करणाऱ्या लोकांना नाईल अडवणे शक्य असते तर त्यांनी ते केल्याशिवाय सोडले नसते, हा विचार त्यांच्या मनात आला. अस्वानजवळ नदी खडकांतून उतरते त्या जागेची त्यांनी पाहणी केली. आपण मनात आखलेली योजना येथे चालणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. त्या काळातील साधनांनी ते काम होण्यासारखे नव्हतेच. अस्वानला पहिले मोठे धरण १९०२ मध्ये पुरे झाले आणि उंच धरण १९७० मध्ये. म्हणजे मधे नऊशे वर्षे जावी लागली.

दुसरा एखादा असता तर त्याने खोटी कामे दाखवून दोन-चार वर्षे काढली असती. इब्न अल-हैथम परत आले आणि हे काम आपल्याच्याने होत नाही, असे त्यांनी खलिफाला सांगितले. जगातील सर्वांत धोकादायक दरबारांपैकी एका दरबारात उभे राहून स्वतःचा अंदाज चुकल्याचे सांगणे, ही सोपी गोष्ट नव्हे. अल-हाकिमने वरवर ते मान्य केले आणि त्यांना एका सरकारी कचेरीत जागा दिली. पण त्याच्या रागाचा भरवसा कोण देणार? तेव्हा जीव वाचवण्यासाठी इब्न अल-हैथम यांनी वेडाचे सोंग घेतले. त्यांची मालमत्ता सरकारने ताब्यात घेतली आणि त्यांना घरात बंदिस्त करून ठेवले. १०२१ साली एका रात्री अल-हाकिम कैरोजवळच्या मुकत्तम टेकड्यांकडे गेला तो परत आलाच नाही. त्यानंतर इब्न अल-हैथम यांनी सोंग टाकले, त्यांची मालमत्ता त्यांना परत मिळाली आणि ते पुन्हा उघडपणे विद्याव्यासंग करू लागले.

नकलनविशीची कमाई

पुढचे आयुष्य त्यांनी अल-अझहर मशिदीच्या दारालगत एका लहानशा जागेत काढले. राजाश्रयाचा अनुभव पुरेसा आला होता. उदरनिर्वाहासाठी त्यांनी ग्रंथांच्या नकला करण्याचे काम धरले. छापखाना नव्हता, तेव्हा पुस्तक हवे असेल तर कोणीतरी ते हाताने लिहून काढावे लागे. युक्लिडची भूमिती, टॉलेमीचा अल-मजिस्ती हा खगोलशास्त्राचा ग्रंथ आणि या दोहोंच्या मध्ये शिकवली जाणारी गणिताची पुस्तके, एवढ्यांची एकेक नक्कल ते दर वर्षी करीत. त्याचे १५० मिसरी दीनार ठरलेले असत. त्यात घासाघीस नाही. तेवढ्यावर त्यांचे वर्ष निघे आणि उरलेला सारा वेळ स्वतःच्या संशोधनाला मिळे.

आपल्या समाजात कष्ट करून शिकणारी मुले पुष्कळ आहेत. कोणी सकाळी पेपर टाकतो, कोणी संध्याकाळी वडिलांच्या दुकानात बसतो, कोणी मुलगी शिवणकाम करून फीचे पैसे उभे करते. अशा मुलांना या नकलनविशाचे चरित्र परके वाटू नये. हाताला काम आणि डोक्याला अभ्यास या दोन गोष्टी एका घरात सुखाने राहू शकतात. इतकेच नव्हे, पुन्हा पुन्हा नक्कल करताना मूळ ग्रंथातील प्रत्येक ओळ त्यांच्या डोळ्यांखालून गेली आणि तिच्यातील कच्चे दुवेही त्यांना तेथेच सापडले असतील.

आपल्याला दिसते कसे?

आता त्यांच्या मुख्य कार्याकडे वळू. त्याचे नाव किताब अल-मनाझिर, म्हणजे दृष्टिशास्त्राचा ग्रंथ. हा सात भागांचा ग्रंथ अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिला गेला.

आपल्याला वस्तू दिसते कशी, हा प्रश्न ऐकायला लहान मुलाचा वाटतो. पण त्यावर हजार वर्षे वाद चालला होता. युक्लिड आणि टॉलेमी हे गणिती म्हणत की डोळ्यातून किरण बाहेर पडतात, ते वस्तूला जाऊन भिडतात आणि म्हणून वस्तू दिसते. आंधळा माणूस काठीने चाचपून रस्ता ओळखतो, तसाच काहीसा हा प्रकार. दुसरा पक्ष तत्त्ववेत्त्यांचा. वस्तूवरून पातळ सालीसारख्या आकृती निघून डोळ्यात शिरतात, असे त्यांतील काहींचे मत. पहिल्या पक्षाजवळ सुंदर भूमिती होती, पण डोळ्यातून काही बाहेर पडते याला पुरावा नव्हता. दुसऱ्या पक्षाला भूमिती नव्हती, आणि डोंगराएवढी आकृती बुबुळातून आत कशी शिरते याचे उत्तरही नव्हते.

इब्न अल-हैथम यांनी सुरुवात साध्या अनुभवांपासून केली. सूर्याकडे पाहिले तर डोळे दुखतात. लखलखीत वस्तूकडे पाहून नजर अंधाराकडे वळवली तर तिची खूण काही काळ दिसत राहते. याचा अर्थ, बाहेरून काहीतरी डोळ्यात येऊन परिणाम करते. ते काहीतरी म्हणजे प्रकाश. प्रकाशित वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून प्रकाश सर्व दिशांना सरळ रेषेत निघतो आणि त्यातील काही डोळ्यात शिरतो, असे त्यांनी मांडले. डोळ्यातून किरण निघतात हे मानण्याची मग गरजच उरत नाही. मात्र गणिती लोकांची भूमिती त्यांनी टाकून दिली नाही. रेषा त्याच राहिल्या, किरणांची दिशा तेवढी उलटली. दोन्ही पक्षांतील खरे ते घेऊन आणि खोटे ते सोडून त्यांनी हा प्रश्न सोडवला. डोळ्याच्या रचनेसाठी त्यांनी वैद्यांच्या ग्रंथांचा आधार घेतला. अशा रीतीने गणित, तत्त्वज्ञान आणि वैद्यक हे तीन वेगळे विषय त्यांनी एका ठिकाणी आणले.

प्रयोगाची कसोटी

त्यांचा मोठेपणा केवळ नवे मत मांडण्यात नाही. मत कोणीही मांडतो. ते तपासण्याची रीत त्यांनी घालून दिली. आज आपण ज्याला प्रयोग म्हणतो, त्यासाठी त्यांनी अरबीत इतिबार हा शब्द वापरला. कसोटीला लावणे, हा त्याचा भावार्थ.

त्यांचा एक प्रयोग पाहा. एक अंधारी खोली घेतली. तिला बाहेरच्या बाजूने एक लहान छिद्र. छिद्रासमोर निरनिराळ्या ठिकाणी अनेक दिवे ठेवले. खोलीच्या आतील भिंतीवर, जितके दिवे तितके प्रकाशाचे ठिपके उमटले. एक दिवा झाकला की त्याचा ठिपका नाहीसा होई, बाकीचे तसेच राहत. झाकण काढले की ठिपका पुन्हा जागेवर येई. दिवा, छिद्र आणि ठिपका ही तिन्ही एका सरळ रेषेत आढळली. यावरून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. प्रकाश सरळ रेषेत जातो. आणि अनेक दिव्यांचे प्रकाश एकाच छिद्रातून गेले तरी ते एकमेकांत मिसळून गोंधळ होत नाही. हवेतून असंख्य वस्तूंचा प्रकाश एकाच वेळी डोळ्याकडे येतो, तरी आपल्याला प्रत्येक वस्तू वेगळी का दिसते, हे समजण्याच्या वाटेवरचा हा पहिला टप्पा होता.

सूर्यग्रहणाच्या वेळी लहान छिद्रातून पडणारा कवडसा गोल न राहता कोरीसारखा का होतो, यावरही त्यांनी स्वतंत्र लेख लिहिला. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी महाराष्ट्रात खंडग्रास ग्रहण दिसले. त्या वेळी झाडाखाली पाहिले असेल, तर पानांच्या फटींतून जमिनीवर पडलेल्या शेकडो चंद्रकोरी काहींना आठवत असतील. त्यांचेच गणित या लेखात आहे.

आरशांवर आणि अपवर्तनावर त्यांनी पुष्कळ काम केले. (अपवर्तनाला जुन्या पुस्तकांत वक्रीभवन म्हणत.) गोलाकार आरशावर एका ठिकाणाहून निघालेला प्रकाश दुसऱ्या ठरलेल्या ठिकाणी पोहोचावा, तर तो आरशाच्या नेमक्या कोणत्या बिंदूवर पडला पाहिजे, हा प्रश्न आजही गणितात अल्हाझेनचा प्रश्न म्हणून ओळखला जातो. तो त्यांनी शंकुच्छेदांच्या साहाय्याने सोडवला. सतराव्या शतकात हायगेन्स यांच्यासारख्या गणितज्ञाने पुन्हा त्यावर मेहनत घेतली, यावरून त्याची कठीणता कळावी. प्रकाशाला एका जागेहून दुसऱ्या जागी जायला वेळ लागतो, मग तो कितीही थोडा असो, हेही त्यांचे मत होते. त्याचा पुरावा रोमर यांनी १६७६ मध्ये गुरूच्या उपग्रहावरून दिला.

उगवता चंद्र मोठा का दिसतो, याचाही त्यांनी विचार केला. हा डोळ्याचा नव्हे, मनाच्या अंदाजाचा खेळ आहे, असे त्यांनी सांगितले. क्षितिजावरचा चंद्र आपण जास्त दूर धरतो, म्हणून तो मोठा भासतो. हात पूर्ण लांब करून करंगळीच्या नखाने उगवता चंद्र झाकून पाहा आणि तोच चंद्र डोक्यावर आल्यावर पुन्हा झाकून पाहा. नख दोन्ही वेळा सारखेच पुरते.

गुरूंवरही शंका

टॉलेमी हा त्या काळी खगोलशास्त्राचा सम्राट मानला जाई. त्याचाच ग्रंथ नकलून इब्न अल-हैथम पोट भरीत होते. तरीही त्यांनी टॉलेमीविषयीच्या शंका या नावाचे पुस्तक लिहिले आणि त्याच्या ग्रहांच्या गणितात कोठे विसंगती आहे ते दाखवले. त्या पुस्तकाच्या आरंभी त्यांनी सत्यशोधकाचे कर्तव्य सांगितले आहे. ते मी माझ्या शब्दांत सांगतो. केवळ जुन्यांवर विश्वास ठेवणारा सत्यशोधक होत नाही. ग्रंथ लिहिणारे हीसुद्धा माणसेच, आणि माणूस म्हटला की उणीव आली. म्हणून वाचणाऱ्याने प्रत्येक विधानाशी वाद घालावा, त्याला सर्व बाजूंनी तपासावे. आणि हे करताना स्वतःवरही शंका घ्यावी, म्हणजे पूर्वग्रहही होणार नाही आणि ढिलाईही होणार नाही. या शेवटच्या अटीतच त्यांचे सारे वेगळेपण आहे. दुसऱ्यावर शंका घेणे सोपे असते.

त्यांनी उपस्थित केलेल्या या शंकांवर पुढे मरागा येथील वेधशाळेत (स्थापना १२५९) नसीरुद्दीन तुसी यांनी आणि दमास्कसला इब्न अल-शातिर यांनी नव्या रचना सुचवल्या. त्यांच्याशी मिळत्याजुळत्या रचना कोपर्निकस यांच्या १५४३ च्या ग्रंथात आढळतात.

त्यांच्या नावावर नव्वदहून अधिक लेखन सांगितले जाते. त्यात गणित आहे, खगोल आहे, किब्ल्याची दिशा काढण्याची रीतही आहे. इ. स. १०४० च्या सुमारास कैरोत त्यांचे निधन झाले.

ग्रंथाचा प्रवास

माणूस गेला, पण ग्रंथ चालू लागला. किताब अल-मनाझिरची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी प्रत त्यांच्या जावयाने बसऱ्यात, १०८३-८४ च्या सुमारास लिहिलेली आहे. ती इस्तंबूलमध्ये जपून ठेवलेली आहे. इ. स. १२०० च्या आसपास या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर झाले आणि तो युरोपच्या मठांत व विद्यापीठांत पोहोचला. इंग्लंडचे रॉजर बेकन आणि पोलंडचे विटेलो यांनी त्याच्या आधारे आपले ग्रंथ लिहिले. १५७२ मध्ये रिस्नर यांनी बासेल शहरी तो छापला.

पूर्वेकडे इराणमध्ये कमालुद्दीन फारिसी यांनी चौदाव्या शतकाच्या आरंभी या ग्रंथावर विस्तृत भाष्य लिहिले. पावसाच्या थेंबाऐवजी त्यांनी पाण्याने भरलेला काचेचा गोल घेतला, तो अंधाऱ्या खोलीत प्रकाशात धरला आणि इंद्रधनुष्य कसे तयार होते ते दाखवून दिले. स्वतः इब्न अल-हैथम यांना इंद्रधनुष्याचा उलगडा झाला नव्हता. शिष्याने गुरूची पद्धत घेतली आणि गुरूचे उत्तर बदलले. गुरूचा मान याहून अधिक कसा राखणार?

इब्न अल-हैथम यांच्याही मर्यादा होत्या, त्या लपवण्याचे कारण नाही. डोळ्यातील भिंगालाच दृष्टीची जाणीव होते, असे ते समजत. प्रतिमा डोळ्यामागील पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, उलटी पडते हे १६०४ मध्ये केप्लर यांनी दाखवले. त्यासाठी केप्लर यांनी विटेलोच्या, म्हणजे पर्यायाने इब्न अल-हैथम यांच्याच, पुस्तकापासून सुरुवात केली. अपवर्तनाचा अचूक नियम बगदादचे इब्न सहल यांना ९८४ च्या सुमारास भूमितीच्या रूपात गवसला होता. इब्न अल-हैथम यांनी त्यांचे लेखन वाचलेले होते, पण तो नियम त्यांच्या ग्रंथात आला नाही. युरोपात स्नेल यांनी १६२१ मध्ये तो पुन्हा शोधला. १७०४ च्या ग्रंथात न्यूटन यांनी पांढऱ्या प्रकाशाचे सात रंग समजावले. १८६५ मध्ये मॅक्सवेल यांनी प्रकाश ही विद्युत-चुंबकीय लहर असल्याचे मांडले. आणि १९२८ मध्ये कलकत्त्याला आपल्या चंद्रशेखर रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणाचा नवा परिणाम शोधला, त्याबद्दल १९३० चे नोबेल पारितोषिक मिळवले. म्हणून तर २८ फेब्रुवारी हा आपण विज्ञान दिन पाळतो. अलेक्झांड्रिया, बसरा, कैरो, तब्रीझ, प्राग, केंब्रिज आणि कलकत्ता अशी ही एकच दिंडी आहे. पताका हातोहात पुढे गेली.

आपण काय घ्यावे?

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ हे आंतरराष्ट्रीय प्रकाश वर्ष म्हणून पाळले, तेव्हा किताब अल-मनाझिरला हजार वर्षे झाल्याचे जगभर स्मरण करण्यात आले. चंद्रावरील एका विवराला अल्हाझेन हे नाव आहे. इराकने २००३ मध्ये काढलेल्या दहा हजार दीनारांच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे. हे सर्व वाचून आपल्याला अभिमान वाटतो आणि तो वाटणे स्वाभाविक आहे.

पण पालकहो, या अभिमानात एक धोका आहे. आपल्या सभांतून पूर्वजांची नावे मोठ्या आवाजात घेतली जातात, टाळ्या पडतात आणि सभा संपते. सर्व शोध आपल्याच लोकांनी लावले, असेही कोणी सांगून टाकतो. इब्न अल-हैथम अशा सभेत बसले असते तर त्यांनी पुरावा मागितला असता. ज्यांनी युक्लिड आणि टॉलेमी यांचे म्हणणे नुसत्या मोठेपणावर मान्य केले नाही, त्यांची स्वतःची थोरवी नुसती तोंडपाठ करणे हा त्यांचा सन्मान होत नाही. आजोबांच्या विहिरीचे कौतुक सांगून नातवाची तहान भागत नाही. विहिरीतला गाळ काढावा लागतो आणि पोहरा स्वतः ओढावा लागतो.

आपल्या घरांत मूल प्रश्न विचारू लागले की पुष्कळदा त्याला गप्प केले जाते. वर्गातही वेळेअभावी आम्ही शिक्षक तयार उत्तरे फळ्यावर लिहून देतो आणि मुले ती पाठ करतात. प्रयोगवहीतील आकडे दुसऱ्याच्या वहीतून उतरवले जातात. नक्कल इब्न अल-हैथम यांनीही केली, पण ती पुस्तकाची केली, निष्कर्षाची कधी केली नाही. विद्यार्थ्यांनो, तुमच्या प्रयोगात उत्तर चुकीचे आले तर ते तसेच लिहा आणि का चुकले ते शोधा. नाईलच्या काठावरून परत येऊन सत्य सांगणारा माणूस तुमच्या पाठीशी उभा आहे.

यासाठी पैसा लागत नाही. बुटाचा रिकामा खोका घ्या. त्याच्या एका बाजूला टाचणीने बारीक छिद्र पाडा. समोरची बाजू कापून तेथे पतंगाचा पातळ कागद ताणून चिकटवा. अंधाऱ्या खोलीत छिद्रासमोर मेणबत्ती पेटवून कागदावर पाहा, ज्योत उलटी दिसेल. ती उलटी का दिसते, हे आईवडिलांना रेघा काढून समजावून सांगा. सूर्याकडे मात्र कोणत्याही परिस्थितीत थेट पाहू नका. धाकट्या बहिणीलाही या खेळात घ्या. प्रश्न पडण्याचा हक्क तिलाही तेवढाच आहे, आणि दहावी झाल्यावर तो हक्क संपत नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

शाळेने प्रयोगशाळा उघडी ठेवावी, पालकांनी मुलांचे प्रश्न ऐकून घ्यावेत आणि मुलांनी ऐकलेले तपासून पाहावे. एवढे झाले तर हजार वर्षांपूर्वी कैरोतील एका अंधाऱ्या खोलीत, लहानशा छिद्रातून आलेला तो प्रकाश आपल्या घरापर्यंतही पोहोचेल, असा मला विश्वास वाटतो.